एकतीस लोक, कर्म आणि वडिलांचं आजारपण

प्रश्न घाटकोपरच्या एका तरुणाचा आहे. वडील सफाई कामगार, उभी हयात कचऱ्याच्या गाडीवर गेली. फुफ्फुसं निकामी झाली आणि गेल्या पावसाळ्यात ते वारले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीच्या, दिवशी आत्या म्हणाली, "मागल्या जन्मीचं काहीतरी राहिलं असेल, ते फेडलं बिचाऱ्याने." चुलतभावाने मोबाइलवर एकतीस लोकांचा, म्हणजे जीव जिथे जन्मतो अशा एकतीस जागांचा, रंगीत तक्ता पाठवला आणि खाली लिहिलं, 'अण्णा आता कुठे असतील ते यावरून कळतं.' ते पाहून मामा भडकले: बाबासाहेबांनी हे सगळं नाकारलंय, पुन्हा आमच्या घरात काढायचं नाही. तरुणाचा प्रश्न असा की बुद्ध यावर स्वतः काय म्हणतात, आणि वडिलांच्या नावाने केलेलं दान त्यांना पोचतं का.

जय भीम. आत्याचं वाक्य आधी घेते, कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय.

संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, राजगृहाच्या वेळुवनात बुद्धांना भेटायला येतो आणि जवळपास तुमचाच प्रश्न विचारतो. काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे सुख-दुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळेच. आपलं काय म्हणणं? बुद्ध थेट कारणं मोजायला लागतात. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्ही बिघडल्याने. काही ऋतू बदलल्याने होतात. काही शरीराची हेळसांड झाल्याने, काही बाहेरून झालेल्या आघाताने. आणि काही कर्माच्या विपाकाने, म्हणजे फळाने. आठ कारणांत कर्म आठवं आणि शेवटचं. पुढे ते म्हणतात की हे प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवाने कळण्यासारखं आहे, जगही हेच मानतं. तेव्हा 'सगळं पूर्वकर्मामुळेच' म्हणणारे स्वतःला जे माहीत आहे त्याच्याही पलीकडे धावतात आणि जगाला जे माहीत आहे त्याच्याही. ते चुकतात, हे बुद्धांनी स्पष्ट शब्दांत सांगितलंय.

आता तुमच्या वडिलांचं काम डोळ्यांपुढे आणा. ओला-सुका एकत्र सडलेला कचरा, त्याची वाफ, धूळ, हातमोजे असले तर फाटके, मास्क बहुधा नाहीच, पावसात गमबुटात पाणी. अशी वर्षानुवर्षं काढल्यावर फुफ्फुसं गेली, तर त्याचं कारण हुडकायला मागचा जन्म कशाला लागतो? माझ्या मते सुत्ताच्या, म्हणजे या उपदेशाच्या, भाषेत हे हेळसांड आणि आघात या दोन खात्यांत जातं, आणि यातली हेळसांड त्यांनी एकट्याने केलेली नाही.

मज्झिमनिकाय या दुसऱ्या संग्रहातलं देवदह सुत्त याच मुद्द्यावर आणखी कडक आहे. तिथे निगंठांना, म्हणजे जैन साधूंना, बुद्ध विचारतात: पूर्वी तुम्ही होतात की नव्हतात हे तुम्हाला माहीत आहे का? कुठलं पाप केलंत ते? त्यातलं किती फिटलं आणि किती उरलंय? प्रत्येक प्रश्नाला उत्तर 'नाही' असंच येतं. मग कशाच्या आधारावर सांगता, असा सवाल उरतो. आत्यांना हे असं तोंडावर विचारू नका, त्यांचाही भाऊच गेलाय. पण मनाशी स्वच्छ असू द्या: 'भोग फेडले' हे वाक्य आपल्याकडच्या बोलण्यात खोलवर मुरलेलं आहे, ते धम्मातून आलेलं नाही.

मग कर्म म्हणजे काय? अंगुत्तरनिकायात एका ओळीत उत्तर आहे: 'चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि', चेतनेला मी कर्म म्हणतो; चेतना झाल्यावर माणूस कायेने, वाचेने, मनाने कर्म करतो. चेतना म्हणजे मनाचा कल, करायचं ठरवणं. फळ हा त्याचा विपाक, आणि तो बहुतांशी वेदनेच्या रूपात आपल्यापर्यंत येतो. साधनेला बसणाऱ्याला हा फरक फार उपयोगी पडतो. गुडघ्यातली कळ कुठून आली याचा हिशेब मला मांडता येत नाही आणि मांडायचं कारणही नाही. त्या कळेला मी काय उत्तर देते, चरफडते की बघते, ते मात्र आत्ताचं, ताजं कर्म आहे. पहिल्या भागावर माझा ताबा नाही, दुसऱ्यावर थोडाफार आहे, आणि बुद्धांचं बहुतेक सगळं बोलणं या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

याला जोडून एक सुत्त आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर ते पाणी पिववत नाही. तोच खडा गंगेत टाकला तर पाण्याला चवही लागत नाही. तसंच एकच लहानसं पाप एका माणसाला निरयापर्यंत, म्हणजे नरकापर्यंत, नेतं आणि दुसऱ्याला इथेच किरकोळ भोगून संपतं. फरक पडतो तो ज्याने त्याने शील, चित्त, प्रज्ञा किती वाढवली याने. बुद्ध तिथे म्हणतात की माणूस जसं कर्म करतो तसंच्या तसंच त्याला भोगावं लागतं असं असतं, तर धम्माचं आचरण करण्याला अर्थच उरला नसता. अंगुलिमाल या दरोडेखोराचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. इतक्या हत्या करून तो भिक्खू झाला, अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त झाला, आणि मग भिक्षेला गेल्यावर लोकांच्या दगडांनी डोकं फुटून रक्तबंबाळ परत आला. बुद्ध त्याला म्हणाले, सोस. ज्यासाठी निरयात हजारो वर्षं शिजावं लागलं असतं ते तू इथेच भोगतो आहेस. कर्माचा नियम मोडला नाही, पण पावती छापून ठेवल्यासारखा तो चाललाही नाही.

कर्माचा विपाक नेमका कसा होतो, हा विषय बुद्धांनी ज्या चार गोष्टींवर डोकं शिणवू नका म्हणून सांगितलं त्यांत धरला आहे. शिणवलंत तर वेड लागेल, हे त्यांचंच म्हणणं आहे.

आता तक्ता. चुलतभावाने पाठवलेला मी पाहिला. वर फिकट निळ्यात अरूप लोक, तळाशी लालभडक निरय, खालून पाचव्या ओळीत हिरव्या रंगात मनुष्य. यादी बरोबर आहे. कामभूमी अकरा: निरय, तिर्यक म्हणजे पशुयोनी, प्रेत म्हणजे अतृप्त, भुकेले जीव, असुर, मनुष्य आणि चातुमहाराजिकांपासून परनिम्मितवसवत्तीपर्यंत सहा देवलोक. सूक्ष्म रूप असलेल्या ब्रह्मलोकांच्या रूपभूमी सोळा, रूपच नसलेल्या अरूपभूमी चार. एकूण एकतीस. फक्त हे लक्षात घ्या की अशी सलग यादी बुद्धांनी एका बैठकीत सांगितलेली नाही. सुत्तांमधे निरनिराळ्या जागी विखुरलेली नावं अभिधम्माच्या, म्हणजे धम्माच्या तात्त्विक विश्लेषणाच्या, आचार्यांनी नंतर ओळीने लावली. आज जी वापरतात ती मांडणी आचार्य अनुरुद्धांच्या अभिधम्मत्थसंगहात मिळते. सुत्तांत, उदाहरणार्थ महासीहनाद सुत्तात, गती म्हणजे जन्माचे प्रकार पाचच आहेत: निरय, पशू, प्रेत, मनुष्य, देव. असुरांची सहावी गती वेगळी धरायची की नाही, यावर पूर्वीच्या बौद्ध पंथांत वाद होता आणि त्यांतल्या थेरवाद्यांनी कथावत्थू या वादग्रंथात ती नाकारली आहे. तेव्हा तक्त्याला नकाशा समजून त्यावर अण्णांचं बोट ठेवण्यात अर्थ नाही.

तसं बोट ठेवता येत नाही हेही बुद्धांनीच सांगितलंय. महाकम्मविभंग सुत्तात ते आपला शिष्य आनंद याला समजावतात: एखादा ध्यानी दिव्य चक्षूने पाहतो की अमका दुराचारी निरयात गेला, आणि ठोकून देतो की सगळे दुराचारी निरयातच जातात. दुसरा बघतो की तमका दुराचारी स्वर्गात जन्मला, आणि म्हणतो कर्म वगैरे काही नसतंच. दोघांनी पाहिलं ते खरं, काढलेला निष्कर्ष चूक. आधी केलेलं काही, नंतर केलेलं काही, मरताना मनात असलेली दृष्टी, कुठलंही आडवं येऊ शकतं. दिव्य चक्षू असलेल्याची ही गत, तर फॉरवर्ड आलेल्या चित्रावरून आपण काय सांगणार?

या लोकांबद्दल दोन-तीन गोष्टी मात्र समजून घेण्यासारख्या आहेत, कारण आपल्या मनात स्वर्ग-नरक म्हटलं की दुसरीच चित्रं उभी राहतात. एक म्हणजे कुठलाही लोक कायमचा नाही. चातुमहाराजिक देवांचा एक दिवस म्हणजे माणसांची ५० वर्षं आणि त्यांचं आयुष्य अशा हिशेबाने ५०० वर्षांचं. आपल्या गणतीत ९० लाख वर्षं झाली. तरी ते संपतं. निरयसुद्धा ते पापकर्म सरेपर्यंतच. ब्रह्मजाल सुत्तात तर गंमतच आहे: नवं विश्व उलगडतं तेव्हा ब्रह्मलोकात एक जीव सगळ्यांच्या आधी येतो, एकटेपणाने कंटाळतो, कुणीतरी सोबतीला असावं असं त्याला वाटतं, आणि योगायोगाने मागून दुसरे येतात. लगेच हा समजतो की यांना मीच निर्माण केलं! मागून आलेलेही मान डोलावतात, कारण आले तेव्हा हा आधीच तिथे बसलेला होता. ईश्वराच्या कल्पनेवर इतकी शांतपणे केलेली टवाळी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

दुसरी गोष्ट, पाठवणारा कुणी नाही. देवदूत सुत्तात यम येतो, पण तो शिक्षा ठोठावत नाही. तो पाच प्रश्न विचारतो: तान्हं मूल पाहिलं नाहीस का? जख्ख म्हातारा? आजाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला माणूस? राजदंड भोगणारा? मृतदेह? ते पाहून तुझ्या मनात आलं नाही का, की मीही यातून सुटलेलो नाही, तेव्हा चांगलं काही करावं? विचारून तो गप्प होतो. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यात फार महत्त्वाचं काहीतरी आहे. इथे आजारी माणूस हा देवदूत आहे. प्रश्न त्याला नाही, त्याला पाहणाऱ्याला आहे. खाटेवरच्या माणसाने मागच्या जन्मी काय केलं, ही चौकशी यमसुद्धा करत नाही.

तिसरी गोष्ट चित्ताची. संयुत्तनिकायात बुद्ध सांगतात की सहा इंद्रियांचा एक निरय मी पाहिला आहे: तिथे डोळ्याला जे दिसतं ते नकोसंच दिसतं, कानाला नकोसंच ऐकू येतं. तसाच सहा इंद्रियांचा स्वर्गही आहे. कुर्ल्याला लेडीज डब्यात चढताना कुणाचा तरी कोपर बरगडीत बसतो. क्षणभर नुसती कळ असते. मग 'मुद्दाम मारलं' हा विचार, मग त्या बाईचा चेहरा, मग तिला काय ऐकवायचं त्याची तयार वाक्यं. घाटकोपर येईपर्यंत खिडकीबाहेरचं काही दिसलेलं नसतं, डब्यातली प्रत्येक बाई वैरीण झालेली असते. स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान (घट्ट धरून बसणं), भव (तसं बनत जाणं) ही साखळी दोन स्टेशनांत पुरी होते आणि 'भांडणारी मी' जन्माला येते. अभिधम्मात, विभंग ग्रंथात, प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे हीच कारणांची साखळी, असा एकेका चित्तक्षणातही लावून दाखवलाय, तेव्हा हे आधुनिकांनी सोयीने काढलेलं नाही.

पण याचा फायदा घेऊन काही जण म्हणतात, लोक म्हणजे फक्त मनाच्या अवस्था, मरणानंतरचं बुद्ध काही बोललेच नाहीत. ते मला पटत नाही. 'कायस्स भेदा परं मरणा', देह पडल्यानंतर, हे शब्द सुत्तांत जागोजागी येतात. कुणी काय मानावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. ग्रंथात आहे ते नाही म्हणू नये. त्याच वेळी जाणारा कुणी 'आत्मा' नाही, हेही तितकंच ठाम आहे. साती नावाच्या भिक्खूने 'हेच विज्ञान (म्हणजे जाणीव) जन्मोजन्मी फिरतं' म्हटल्यावर बुद्धांनी त्याला सर्वांसमोर फटकारलं: विज्ञान प्रत्ययांतून, म्हणजे कारणांतून, उपजतं, प्रत्यय नसेल तर उपजत नाही.

आपल्या मुंबईत निघालंच पाहिजे असं एक सुत्त जाता जाता सांगते. तालपुट हा नाटकमंडळीचा प्रमुख बुद्धांना विचारतो की आमचे जुने आचार्य सांगत आले, लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांत जन्मतो, खरं का? बुद्ध दोनदा म्हणतात, हे नको विचारूस. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की स्वतः धुंद होऊन लोकांचा राग-द्वेष-मोह भडकवणारा पहास नावाच्या निरयात जातो. तालपुट रडला, निरयाला भिऊन नाही, आचार्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फसवलं म्हणून. मग तो भिक्खू झाला आणि अर्हतही झाला. इथेही सवाल पेशाचा कमी आणि चेतनेचा जास्त आहे.

मामांच्या रागाकडे येऊ. त्यांचा राग अस्थानी नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच आत्मा नाही म्हटल्यावर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा प्रश्न उघडपणे मांडला. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आला. त्यात कर्म म्हणजे नैतिक व्यवस्था, आणि ती या आयुष्याशी बांधलेली. पुनर्जन्म चार महाभूतांचा, आत्म्याचा नाही, अशी मांडणी आहे. मागच्या जन्मीचं कर्म माणसाची आजची स्थिती ठरवतं, ही कल्पना त्यांनी का झिडकारली तेही स्वच्छ लिहिलंय: गरिबाच्या, दीनाच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, एवढ्यासाठीच ती आहे. ज्या माणसाने आयुष्यभर शहराचा कचरा उचलला त्याच्या फोटोसमोर 'भोग फेडले' हे शब्द निघाले, तेव्हा मामांना तेच ऐकू आलं असणार.

माझं मत असं. बाबासाहेबांनी ज्या कल्पनेवर घाव घातला ती बुद्धांनीही नाकारलेली आहे. अंगुत्तरनिकायात तीन मतं मोडून काढली आहेत: सगळं पूर्वकर्माने होतं, सगळं ईश्वर घडवतो, सगळं विनाकारण होतं. तिन्हींचा दोष एकच दिलाय, की ही मतं धरली तर अमुक करावं, अमुक करू नये असं म्हणायला जागाच राहत नाही. इथपर्यंत दोघांत अंतर नाही. मरणानंतरच्या गतींबद्दल मात्र सुत्तांची भाषा आणि बाबासाहेबांची मांडणी वेगळी आहे, आणि ते अंतर आहे तसं ठेवावं; ओढूनताणून बुजवलं तर दोघांवरही अन्याय होतो. ज्यांना परलोक मानवत नाही त्यांच्यासाठी कालाम सुत्ताचा शेवट वाचा. 'स्वतः तपासा' एवढाच भाग लोक सांगतात, पुढची चार आश्वासनं सोडून देतात. वैर-द्वेषातून मोकळं चित्त ठेवणाऱ्याला बुद्ध म्हणतात: परलोक आणि कर्मफळ असेल तर तू सुगतीला जाशील, नसेल तरी या जन्मात सुखाने राहशील. मग पापाला फळ असेल तर तू पाप केलेलंच नाहीस. नसेल तरी दोन्हीकडून तू शुद्धच. मामांना आणि चुलतभावाला एका घरात सुखाने राहता येईल इतकी जागा यात आहे.

राहिलं दान. पुण्यानुमोदन तुम्ही पाहिलंच आहे: गल्लीत मंडप, फोटोला हार, मेणबत्त्या, त्रिसरण-पंचशील, मग पंगत. तिथे म्हटल्या जाणाऱ्या काही गाथा तिरोकुट्ट सुत्तातल्या आहेत. भिंतीबाहेर, चव्हाट्यावर, दाराच्या चौकटीशी प्रेतगतीतले जीव उभे असतात. तिथे शेती नाही, गुरं नाहीत, व्यापार नाही. इथून दिलेल्यावर त्यांचं भागतं. आणि रडणं, शोक करणं त्यांच्या काही कामाचं नाही. पण ते कुणाला पोचतं याचा खुलासा जाणुस्सोणी सुत्तात आहे. जाणुस्सोणी ब्राह्मणाने हेच विचारलं आणि बुद्धांनी सांगितलं की निरयात, पशुयोनीत, मनुष्यात किंवा देवांत जन्मलेल्याला हे पोचत नाही, त्यांचा त्यांचा आहार वेगळा. प्रेतगतीत असेल त्यालाच पोचतं. आपला माणूस तिथे नसेल तर तिथल्या दुसऱ्या नातलगांना, आणि काही झालं तरी देणारा रिकामा राहत नाही. परंपरेत याचं कारण असं देतात की ज्याला ते मिळतं तो ते पाहून अनुमोदन करतो, म्हणजे मनाने त्यात आनंद मानतो, त्याच्या स्वतःच्या चित्तात कुशल चेतना जागते. पुण्य उचलून दुसऱ्याच्या खात्यात भरलं जात नाही. म्हणूनच हे पिंडदान नव्हे. श्राद्ध-पिंडदान न करण्याची बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमधली प्रतिज्ञा इथे मोडत नाही, हे मामांना सांगा.

दान कशाचं करावं, यावर माझं मत थोडं आग्रही आहे. अशोकाचा नववा शिलालेख अशाच विधींबद्दल आहे आणि त्याची एक शिळा आपल्याकडे सोपाऱ्याजवळ भुईगावला सापडली, तीही नेमकी १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचं फळ थोडं, असं राजा म्हणतो. धम्ममंगल कोणतं, तर दासांशी आणि मजुरांशी नीट वागणं, प्राणिमात्रांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. यादीत मजूर पहिले आहेत.

तेव्हा पहिल्या स्मृतिदिनाची पंगत लहान करा. वडील ज्या चौकीवर हजेरी लावायचे तिथल्या माणसांना चांगल्या प्रतीचे मास्क, जाड हातमोजे, मापाचे गमबूट द्या. कागदी मास्क नकोत, धूळ अडवणारे घ्या. ज्यांना खोकला जात नाही त्यांना घेऊन एखाद्या सकाळी फुफ्फुसांची तपासणी करून आणा; फुंकर मारायच्या यंत्राची साधी चाचणी असते, लवकर झाली तर उपयोग होतो. देताना 'इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो' (हे माझ्या नातलगांना लाभो, नातलग सुखी होवोत) एवढी ओळ म्हटली तरी पुरते. विधी चालवणारे बौद्धाचार्य असले तर उत्तम, नसले तरी ती आत्यांनाही म्हणता येईल, आणि त्यांनाच म्हणायला सांगा.